माईंचा पूर्वपक्ष

दादा, प्रमोदिनीचा थोरला दीर, पुण्याहून आला तो रिकामी ट्रंक घेऊन. एका हातात ट्रंक आणि त्याच हाताच्या करंगळीला पिशवी, असा तो फाटकातून आत आला आणि प्रमोदिनीनं आधी ट्रंकेकडं बघितलं. ट्रंक भरलेली असती तर त्याचा खांदा एका बाजूला कलला असता. रिकामी ट्रंक माणूस काहीतरी न्यायलाच आणतो.

"काय म्हणते आमची अनू?" दादानं विचारलं. अनू काही म्हणाली नाही. ती आईच्या कडेवर बसून मंगळसूत्राची वाटी चघळत होती. कागदोपत्री तिचं नाव अन्वीक्षा. तिच्या आजोबांना, तात्यांना, 'आन्वीक्षिकी' ठेवायचं होतं, तर्कविद्येचं जुनं नाव म्हणून, तेव्हा आजी, म्हणजे माई, म्हणाल्या होत्या, "पोरीला शाळेत हजेरी द्यायचीय, कुणाला शाप नाही द्यायचा."

"तात्या मागं आहेत," प्रमोदिनी म्हणाली. "रस्सा करतायत."

"आजसुद्धा?"

"आज तर करणारच की."

काल तात्या, म्हणजे प्राध्यापक त्र्यंबक वाळवेकर, कॉलेजातून निवृत्त झाले होते. शाल, श्रीफळ, विद्यार्थ्यांची रडारड, सगळं झालं होतं. आणि उद्या सोमवारी प्रमोदिनीला कागलच्या नव्या कॉलेजात रुजू व्हायचं होतं. अर्धवेळ, सकाळचे तास, विषय तर्कशास्त्र, तात्यांनीच शिकवलेला. तिच्या नवऱ्याची, मधूची, शिरोलीच्या फौंड्रीतली पाळी आठवड्याला बदलायची, त्याचा भरवसा नाही. तिचं माहेर चंदगडला, तिथं भाताची लावणी सुरू, आई हलणं शक्य नव्हतं. पण तात्या आता घरीच असणार, माई तर घरीच असतात, त्यामुळं अनूचं काय हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

तिला पडला होता. प्रमोदिनीला सगळेच प्रश्न पडत. मधू चार वर्षांचा असताना तात्या त्याला सायकलवर पुढं बसवून मैदानावर घेऊन गेले होते; तिथं ते फुटबॉलच्या सामन्याचे पंच होते. येताना शिट्टी आणली, चेंडू आणला, मधूला विसरले. ही गोष्ट घरात हसत सांगितली जायची. मधू तर सर्वांत जास्त हसायचा. प्रमोदिनी लग्न होऊन आल्यावर हसली होती, अनू झाल्यापासून तिला हसू यायचं बंद झालं होतं.

मागच्या अंगणातली पत्र्याखालची चूल तात्यांची. माईंच्या स्वयंपाकघरात मटण चालत नसे आणि तात्यांना पांढऱ्या रश्श्यावाचून चालत नसे, म्हणून फार वर्षांपूर्वी हा तह झाला होता. वर कबुतरांची खुराडी, बाजूला गुलाबाची कलमं, खिडकीत होमिओपॅथीच्या बाटल्या आणि मध्ये लुंगी खोचून उभे असलेले तात्या. त्यांची पुस्तकं दोनच छापून आली होती. एक तर्कशास्त्राचं, ते जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांत लागलेलं. दुसरं कबुतरांवर, ते त्याहून जास्त खपलेलं. तिसरं, मोठं, संशयाच्या तत्त्वज्ञानावरचं, लिहून व्हायचं होतं.

चुलीपाशी आकाराम वस्ताद फुंकणी घेऊन बसले होते. तालमीतले वस्ताद आणि रश्श्यातले तात्यांचे गुरू.

"सर, मीठ घातलासा काय?"

"घातलं."

"कवा?"

"तुम्ही तंबाखू मळत होता तेव्हा."

वस्तादांनी फुंकणी खाली ठेवली. "मी बी घातलोय की."

दोघं पातेल्यात बघत राहिले. मग तात्या म्हणाले, "म्हणजे प्रत्येकाचं अनुमान बरोबर आणि रस्सा चूक."

"ते अनुमान ऱ्हाऊ द्या. आनी एक नारळ फोडा."

दादा हे दारात उभा राहून बघत होता. आपले वडील ह्या गावात किती जागी वाटले गेले आहेत, हे पुण्याहून आलं की त्याला नव्यानं दिसायचं, आणि दर वेळी त्याला थोडा राग यायचा.

जेवायला ओटीवर दोन पंगती केल्या. एकीकडं माईंचा वरणभात, भरली वांगी, शिरा. दुसरीकडं तात्या, वस्ताद आणि मधू पांढरा रस्सा ओरपत. दादा पुण्याला गेल्यापासून मटण सोडून बसला होता, तो माईंच्या बाजूला. रस्सा अजूनही खारट होता. कुणी बोललं नाही.

दादानं दोन घास खाल्ले आणि विषय काढला. पुण्यात एका कोशाचं काम निघालं होतं. त्यात तत्त्वज्ञानाचा भाग सांभाळायला जाणता माणूस हवा होता. त्यानं तात्यांचं नाव सुचवलं होतं आणि ते मंडळाला पसंत होतं. दोन खोल्या, शांत जागा, समोर ग्रंथालय. तात्या आणि माई दोघांनी यायचं. हे घर मधूला मोठं पडेल, खालचा भाग भाड्यानं देता येईल.

"कधी?" मधूनं विचारलं.

"आजच रात्रीच्या गाडीनं थोडं सामान नेतो. पुढच्या आठवड्यात हे दोघं."

प्रमोदिनीच्या हातातली शिऱ्याची वाटी तशीच राहिली. ती काही बोलायच्या आत दादाच तिच्याकडं वळला. "तुझ्या नोकरीचं मला कळतंय प्रमोदिनी, पण..."

"थांब," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "पूर्वपक्ष."

ह्या घरातला हा कायदा होता. भांडण कुठलंही असो, आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. ते इतकं नीट मांडायचं की समोरचा स्वतः 'मान्य' म्हणाला पाहिजे. तोवर आपलं तोंड उघडायचं नाही. जुन्या पंडितांच्या वादातली ही रीत तात्यांनी मुलांच्या पतंगापासून मधूच्या लग्नापर्यंत सगळ्याला लावली होती. लहानपणी दादाला हा छळ वाटे. निम्मी भांडणं तर केवळ कंटाळ्यानं मिटायची.

"तात्या, मी चाळिशीला आलो."

"म्हणून तुला सूट नाही. मांड."

दादानं हात ताटावर टेकवला. सवय जात नाही. बोलायला लागल्यावर त्याचा आवाज आपोआप सरळ झाला. "प्रमोदिनी म्हणणार की, मी चंदगडहून एसटीनं एकटी येऊन ह्या गावात शिकले. एम.ए.ला पहिला वर्ग मिळवला. मग लग्न, मग अनू. ज्या विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिका तात्या शिक्षकांना दाखवत होते, ती आता दुधाला किती उकळ्या आल्या ते मोजत बसते." तो थांबला. पुढचं त्यानं ठरवलेलं नव्हतं. "आणि ही जागा मिळाली ती ओळखीनं नव्हे. ती गेली तर परत निघेल ह्याची हमी नाही. सगळे मला म्हणतील, पोरगी मोठी झाली की बघ. पोरगी मोठी होईपर्यंत मी जे शिकले ते कुठं ठेवू, हे कुणी सांगत नाही."

दादाला स्वतःच्याच शब्दांचं आश्चर्य वाटत होतं. त्याची बायको शिक्षिका होती, तिनं नोकरी सोडली तेव्हा हा प्रश्न त्यानं तिला विचारला नव्हता.

"मान्य," प्रमोदिनी म्हणाली, आणि तिला मान खाली घालावी लागली.

"आता तू," तात्या म्हणाले.

तिनं अनूला मांडीवर घट्ट धरलं. मघापासून ती मनात दादाला बोलण्यासाठी चांगली धारदार वाक्यं जुळवत होती, ती सगळी बाजूला ठेवावी लागली.

"दादा म्हणणार की, तात्यांचं मोठं पुस्तक इथं होणार नाही. सकाळी तालीम, मग कबुतरं, मग कुणाच्या पोराला खोकला झाला म्हणून गोळ्या. दुपारी कलमं. संध्याकाळी सामना नसला तर भजनात तबल्याला माणूस कमी असतो. ह्या गावात तात्यांना कुणीच 'नाही' म्हणू देत नाही. पुण्यात त्यांना कुणी ओळखत नाही, म्हणून तिथं ते लिहितील." तिनं अनूच्या मुठीतून पदर सोडवला. "माणसाकडं वर्षं काही अमाप नसतात. ज्यांनी मला विचार करायला शिकवलं त्यांचं पुस्तक माझ्या नोकरीपायी राहिलं, तर मी वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहू?"

"हे शेवटचं मी म्हणणार नव्हतो," दादा म्हणाला.

"मग नामंजूर?"

"नाही. मान्य. माझ्यापेक्षा चांगलं मांडलंस."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "झालं. आता आपापला पक्ष."

दोघं एकदमच बोलायला लागले.

"तात्या, मला वाटतं तुम्ही इथंच राहावं," दादा म्हणाला.

"तात्यांनी पुण्याला जावं, मी जागा सोडते," प्रमोदिनी म्हणाली.

मधूचा घास तोंडातच राहिला. बायकोच्या बाजूनं बोलायचं असं त्यानं मघाशीच ठरवलं होतं. "आता मी कुणाच्या बाजूचा?"

"ह्ये म्हंजे," वस्ताद मिशी पुसत म्हणाले, "दोन पैलवान एकमेकाचा लंगोट घालून आखाड्यात उतरल्यागत झालं. सर, आमच्या तालमीत ही रीत न्हाय ते बरं हाय. एकबी कुस्ती निकाली व्हायची न्हाय."

तात्या हसायला लागले ते थांबेनात. त्यांचा चष्मा घसरला. मग दादा हसला, प्रमोदिनी डोळे पुसत हसली, आणि सगळे का हसतायत ते न कळता अनूही ओरडली. दादा म्हणत होता, प्रमोदिनीनं जायलाच हवं. प्रमोदिनी म्हणत होती, दादांनी एवढी खटपट केलीय. आणि तात्या दोघांना सांगत होते की इतका शुद्ध वाद त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

माई वाढत होत्या. त्यांनी दोन्ही बाजू नीट ऐकल्या होत्या. एका बाजूत होतं की अनूला माई सांभाळतील. दुसऱ्या बाजूत होतं की माईंना बरोबर न्यायचं. बोलता बोलता दोघांनी त्यांना असं इकडून तिकडं ठेवलं होतं, जसं पंगतीत पाण्याचं तांब्या-भांडं सरकवतात. राग नव्हता आला. गंमत वाटली होती. आणि ती गंमत आतमध्ये हळूहळू मोठी होत गेली.

त्यांनी वरणाचा डाव भांड्यात ठेवला.

"माझा पूर्वपक्ष कोण मांडणार?"

हसणं थांबलं. माईंनी ह्या खेळात कधी भाग घेतला नव्हता. वाद रंगला की त्या चहा टाकायला जात.

"मी मांडतो," तात्या म्हणाले. "त्यात काय."

"मांडा."

"तुला पुण्याला जायचंय. तिथं तुझी बहीण आहे."

"नामंजूर. ती आठ दिवस इथं आली तर सातव्या दिवशी माझं डोकं दुखतं."

मधू खुदकन हसला. तात्यांनी बसण्याची तऱ्हा बदलली. "बरं. मग तुला इथंच राहायचंय, पण ह्या सगळ्या उपद्व्यापांचा कंटाळा आलाय. कबुतरं, तालीम, येणारी-जाणारी माणसं."

"नामंजूर. कबुतरं मला आवडतात. तुम्ही विसरता तेव्हा दाणा मीच टाकते."

"मी विसरतो?"

"पुढं मांडा."

"मग," आता तात्या सावकाश बोलत होते, "तुला अनूला सांभाळणं झेपणार नाही असं वाटतंय."

"तुम्हाला सांभाळलं, दोन पोरांना सांभाळलं. ती तर गुणी आहे. नामंजूर."

ओटीवर सगळे तात्यांकडं बघत होते. वर्गात ते कुठल्याही पंडिताचं म्हणणं असं मांडत की मुलांना वाटे, तो पंडितच उठून बोलतोय. बौद्धांचं मांडलं, चार्वाकांचं मांडलं, मेलेल्या माणसांची बाजू त्यांच्यापेक्षा सरस मांडली. आणि ही समोर उभी होती, पदराला हात पुसत, जिवंत, आणि त्यांना एक वाक्य सुचत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त त्यांना उत्सुकता वाटली, अगदी नवा विषय हाती लागल्यासारखी. आणि ह्या वयात आपल्याच घरात असा विषय निघावा, ह्याचा आनंद त्यांना लपवता येईना.

ते उठले, हात धुऊन आले आणि माईंच्या समोर पाट घेऊन बसले. "समोरच्याचं म्हणणं माहीत नसेल तर त्याला विचारून घ्यायचं. हे मी मुलांना पहिल्या तासाला सांगतो. विचारतो. तुला काय पाहिजे?"

आता लाजायची पाळी माईंची होती. त्यांनी वस्तादांकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"सिनेमा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शुक्रवारी दुपारी तीनचा खेळ. दर शुक्रवारी. एकटीनं."

"एकटी कशाला माई?" दादा म्हणाला. "मधू येईल, प्रमोदिनी येईल..."

"तेच नको. मी आजवर एकही सिनेमा धड बघितला नाही. तुम्ही लहान होता, एकाला ऐन रडायच्या जागी शू व्हायची. नणंदा असायच्या, त्यांना पुढची गोष्ट आधी सांगायची असायची. आणि ह्यांच्याबरोबर गेलं तर हे मध्यंतरात समजावतात की नायकाचं अनुमान चुकलंय. चुकू दे की. मला माझं रडू दे."

वस्ताद तोंडावर पटका धरून हलत होते.

"पुण्यात मला बस विचारत फिरावं लागेल," माई पुढं म्हणाल्या. आता त्यांना सुचत गेलं. "इथं मला अंधारातसुद्धा खुर्ची सापडते. म्हणून मी इथंच राहणार. अनूला मी बघणार. मला कुणी विचारलं नाही तरी बघणार, पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. आणि शुक्रवारी जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती ह्यांची. त्या वेळात तालीम नाही, गोळ्या नाहीत, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही."

"आणि तात्यांचं पुस्तक?" दादानं विचारलं. भांडणाच्या सुरात नव्हे.

"ते त्यांना विचार."

तात्यांनी हात हलवला. "पुस्तक होईल, नाही तर नाही होणार. मला आधी हे पुरं करू दे." ते माईंकडं वळले आणि त्यांचं सगळं म्हणणं त्यांनी परत मांडलं, शू आणि नणंदांसकट, एकही गोष्ट न गाळता. रडण्याच्या जागी आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला, आणि ते नाटक नव्हतं.

माईंनी पुरतं ऐकून घेतलं. "मान्य," त्या म्हणाल्या. "आता शिरा घ्या कुणीतरी, गार होतोय."

संध्याकाळी दादा वस्तादांबरोबर रंकाळ्यावर फिरायला गेला. पुण्याच्या मंडळाला काय कळवायचं ते त्यानं तात्यांवर सोपवलं होतं. इथूनच लेख लिहून पाठवता येतील का, असं विचारायचं ठरत होतं. प्रमोदिनीनं इस्त्रीची साडी खुर्चीवर टाकली आणि ती तात्यांसमोर येऊन बसली.

"पाणी उकळून गार केलेलंच," ती म्हणाली. "पायरीकडं सरकली तर आधी फळी लावायची. कबुतराचं पीस ती तोंडात घालते. तुमच्या गोळ्या नाही द्यायच्या, एकसुद्धा. भूक लागली की ती डावा कान ओढते, झोप आली की दोन्ही. शुक्रवारी माई नसताना..."

"आणि मैदानावर न्यायचं नाही," तात्या म्हणाले.

ती गोरीमोरी झाली. "मी ते म्हणणार नव्हते."

"म्हणायला हवं होतंस." त्यांनी चष्मा काढला. "तुझाही मांडून बघतो. चुकलं तर सांग. प्रमोदिनीला भीती वाटते की म्हातारा पोरीला कुठंतरी विसरेल. ही भीती रास्त आहे, तिला पुरावा आहे. म्हणून पायरी, पीस, पाणी. पण ते सगळं माई सांभाळणार हे तिला ठाऊक आहे, तरी भीती जात नाही." त्यांनी चष्मा लुंगीच्या टोकाला पुसला. "उद्या सकाळी ती निघेल तेव्हा अनू रडेल, ह्याची तिला भीती वाटते. आणि त्याहून जास्त भीती वाटते की अनू रडणार नाही."

प्रमोदिनी साडीच्या घडीवरून बोट फिरवत राहिली. आत माई अनूला काहीतरी गुणगुणत होत्या. मग ती म्हणाली, "मान्य."

सोमवारी सकाळी ती तयार होऊन ओटीवर आली तेव्हा अनू माईंच्या मांडीवर बसून पेज खात होती आणि तात्यांच्या चष्म्याची काडी ओढत होती. "आई येते हं," प्रमोदिनी म्हणाली. अनूनं एकदा बघितलं आणि परत काडीकडं वळली. माईंनी मानेनंच जा म्हणून खुणावलं.

फाटकापाशी प्रमोदिनी थांबली. गल्लीच्या वळणावर पुन्हा थांबली, कान देऊन. कुणी हाक मारली नाही, कुणी रडलं नाही, मागून कुणी धावत आलं नाही. मग ती चालायला लागली, आणि स्टँड येईपर्यंत आपण जवळजवळ पळतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

कागलची गाडी लागलीच होती. तिला खिडकी मिळाली. डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते, दोन्हींचं काय करायचं ते न कळून ती बाहेर बघत बसली. कंडक्टरनं तिकिटांच्या पेटीवर टकटक केली.

"बाई, कुठं?"

"कागल," ती म्हणाली, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं.